पूच्ची रायरांचा पतंग

मद्रासला पाऊल ठेवलं त्या पहिल्याच दिवशी मी आमच्या घरमालकांना कावळा म्हटलं. मुद्दाम नव्हे. आमच्या रत्नागिरीकडे वडीलधाऱ्या माणसाला ‘काका’ म्हणतात, म्हणून मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “काका, येऊ का आत?” फाटकाशी उभी असलेली शेजारची दोन पोरं फिदीफिदी हसली आणि ‘काक्का, काक्का’ करत पळाली. तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा, हे मला कुठून माहीत असणार? घरमालकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते म्हणाले, “हरकत नाही मा. परंतु कावळा हा पक्षी. मज पक्ष्यांत रस नाही. मी पतंगांचा मनुष्य.”

माडीवर गेल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, “या वयात पतंग उडवतात?”

साठ साल उजाडायला तेव्हा दोन-तीन वर्षं अवकाश होता. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. बदली मद्रासला झाली आणि नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, पुढे जाईचा मांडव नि मागे विहीर असलेल्या घराच्या माडीवर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आम्ही मराठी म्हणून मिळाल्या, असं घरमालक सांगत. आधीचा भाडेकरू तमिळ होता. त्याला कुणी काढलं नव्हतं, तो आपणहून पळाला होता. का पळाला, ते मला हळूहळू कळत गेलं.

त्यांचं घराणं तंजावरचं. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेली ही मराठी माणसं. त्यांची मराठी ऐकताना मला वाटे, पोथीतलं कुणीतरी उठून आपल्याशी बोलतंय. त्यांना माझी मराठी गावंढळ वाटे. बाईमाणसाला ते तमिळ चालीवर ‘मा’ म्हणत. “पेशवाईनंतर तुमची भाषा फार बिघडली मा,” ते हळहळत. “आम्ही येथे दूर होतों, म्हणून वांचलों.” आणि लगेच आत वळून लेकीला हाक मारत, “तुळजा, दोन कापी कोंडा!” कापी म्हणजे कॉफी आणि कोंडा म्हणजे आण. त्या अस्सल वाक्यात मराठी काय ते लेकीचं नाव आणि ‘दोन’.

तुळजा त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. तेवीस-चोवीस वर्षांची, ट्रंक टेलिफोनवर ऑपरेटर. बोलणं मोजकं, कोरीव. तीन भाषांत लोकांना “थांबा” सांगण्याचा पगार घेत असल्यामुळे असेल. ती वडिलांना अप्पा म्हणे, म्हणून मीही कावळा सोडून अप्पाच म्हणू लागले. गल्लीत मात्र त्यांना एकच नाव होतं, पूच्ची रायर. पूच्ची म्हणजे किडा, आणि तिकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक रायर म्हणतात. या नावाचा अप्पांना राग नव्हता. “शब्दशः बरोबर आहे,” एवढंच ते म्हणत.

शब्दशः हा त्यांच्या आयुष्याचा कणा होता. अप्पा कोर्टात दुभाषी होते. साक्षीदाराच्या तोंडून जे येईल ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचं, हे काम तीस वर्षं केलेलं. एकदा एक तोतरा साक्षीदार उभा राहिला. तो जिथे जिथे अडला, तिथे तिथे अप्पाही इंग्रजीत अडले. जज्जसाहेबांनी काळजीने विचारलं, बरं नाही का? अप्पा म्हणाले, “मी ठीक आहें. साक्षीदार तोतरा आहे. त्याचें अडणें गाळण्याचा मज अधिकार नाही.”

निवृत्त झाले तरी सवय निवृत्त झाली नव्हती. आमच्याकडे मुनियम्मा भांडी घासायला येई. वर्षभरात मला कामापुरती तमिळ येऊ लागली. तरी मी तिला ‘उद्या लवकर ये’ म्हटलं, की अप्पा खालून ओरडून तेच तिला तमिळमध्ये सांगत. ती ‘जमणार नाही’ म्हणाली, की तेच मला मराठीत ऐकवत. बाईचा एकच नकार मला रोज दोनदा पचवावा लागे.

त्यांच्या पुढच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पेट्या होत्या. पेट्यांत टाचण्यांनी टोचलेले पतंग. घरात येणाऱ्या माणसाला आधी डांबराच्या गोळ्यांचा वास भेटे आणि मग अप्पा. शेकडो पतंग होते, पण जो हवा होता त्याचा फक्त एक पंख होता. बाकीचा मुंग्यांनी खाल्लेला.

हा पतंग म्हणजे त्यांचं वेड. तळहाताएवढा, जाडजूड, पोटावर पिवळे-काळे पट्टे, आणि पाठीवर हुबेहूब माणसाची कवटी. हात लावला की उंदरासारखा चिरकतो. पोळ्यात शिरून मधमाश्यांच्या देखत मध पितो. अप्पांचं म्हणणं, तो इथला नव्हेच. ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, तिकडे पाऊस लागतो; त्या वाऱ्याबरोबर तो दुरून येतो, चार दिवस राहतो आणि निघून जातो. तेही दहा-पंधरा वर्षांतून एखाद्या वेळी. त्यांनी जिवंत पाहिला होता एकदाच, तंजावरला, नऊ वर्षांचे असताना. समईजवळच्या खांबावर तो बसला होता, आणि त्यांच्या आईने पटकन पदराने त्यांचे डोळे झाकले होते.

“कां झाकले, तें विचारायचें राहून गेलें,” अप्पा म्हणत. “नंतर ती गेली.”

आईने नक्की कसल्या समजुतीने डोळे झाकले, हे शोधायचं म्हणून त्यांनी या पतंगाविषयीच्या लोकसमजुती गोळा करायला घेतल्या. आता, दहा-पंधरा वर्षांतून एकदा चार दिवस येणाऱ्या किड्याविषयी लोकांची समजूत असणार कुठून? पण अप्पा एक जाड वही आणि पेन्सिल घेऊन दारोदार जात, त्या एका पंखावरून आणि आठवणीतून काढलेलं चित्र दाखवत आणि विचारत, “याविषयी तुमच्यांत काय म्हणतात?” लोक आधी म्हणत, काही नाही. “काही नाही ही जबानी होऊं शकत नाही,” असं म्हणून अप्पा ओट्यावर बसून राहत. मग लोकांना आठवू लागे.

फुलवालीने सांगितलं, हा आला की देवीला दोन हात जास्त मोगरा घालावा. देवळातल्या गुरुजींनी सांगितलं, अभिषेक करावा. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी सांगितलं, याच्या पंखांची धूळ छातीत जाते, त्यावर गोळ्या आहेत. ह्यांना गाठलं तेव्हा हे म्हणाले, कचेरीत शिरला तर कुणाची तरी बदली होते. जो तो आपापल्या धंद्याला सोयीचं सांगत होता, हे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईलाही दिसत होतं. अप्पांना दिसत नव्हतं. ते प्रत्येकाची जबानी लिहून घेत, वाचून दाखवत, खाली सही किंवा अंगठा घेत. साक्षीदाराला भत्ता म्हणून टंबलरभर कॉफी. मुनियम्माने चारदा जबानी दिली, चारही वेळा वेगळी. एकदा तो भुताचा किडा होता, एकदा तिच्या मेलेल्या सासूचा आत्मा, आणि दोनदा काय होता ते तिलाच नंतर आठवेना. कॉफी मात्र चारही वेळा तीच होती.

मग माझी पाळी आली. तीन दिवस ते जिना चढून येत होते. “कोकणांत काय म्हणतात मा?”

“खरंच काही नाही म्हणत, अप्पा.”

“आठवा.”

तिसऱ्या दिवशी माझं वरण चुलीवर लागत होतं. त्याच सकाळी माहेरहून पत्र आलं होतं, मावसबहिणीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं. डोक्यात तेच. मी पळी हातात धरून म्हटलं, “लग्न ठरत असलेल्या घरात हा आला तर लग्न मोडतं म्हणतात. झालं?”

“कोण म्हणतें?”

“आजी.”

माझी आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. अप्पांनी सगळं लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. वरण करपलंच.

पुढे निसर्गप्रेमी मंडळींच्या एका त्रैमासिकात अप्पांचा लेख छापून आला. आयुष्यातला पहिला आणि एकुलता. त्यात फुलवाली होती, गुरुजी होते, मुनियम्मा चार वेगवेगळ्या बायका म्हणून होती, आणि शेवटी ‘रत्नागिरीकडील एका कुलीन स्त्रीची साक्ष’ होती. हे आठवडाभर मला ‘कुलीन स्त्री’ म्हणून हाक मारत होते. मीही हसत होते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुळजाला बघायला मैलापूरचं एक स्थळ येणार होतं. तेही तंजावरी मराठी. मुलगा बंदरखात्यात इंजिनियर, सोबत त्याचे आई-वडील आणि आजी. तुळजाला आई नाही म्हणून आतली बाजू माझ्याकडे होती. सोज्जी आणि बज्जी, म्हणजे आपला शिरा आणि भजी. मुलगी बघायला येतात तेव्हा तिकडे हेच. मी सकाळीच अप्पांना बजावलं होतं, “आज पतंगाचा विषय नको.”

“मी आपण होऊन काढणार नाही,” ते म्हणाले. “कोणी विचारल्यास सत्य सांगेन.”

मंडळी आली तेव्हा बाहेर पाऊस लागला होता आणि चार वाजताच दिवे लावावे लागले होते. सगळं छान चाललं होतं. आजींनी तुळजाला जवळ बसवून तंजावरचे नातेवाईक उकरून काढले. मुलगा उंच, सावळा, जरा लाजरा. त्याने तुळजाला विचारलं, “दिवसभर बोलून घसा दुखत नाही?” ती म्हणाली, “बोलून नाही. ऐकून कान दुखतात.” तो हसला. चांगलं हसला. मी दारातून पाहत होते, तुळजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आणि अप्पा बोलता बोलता थांबले.

मुलाचे वडील भिंतीला टेकून बाकावर बसले होते. त्यांच्या डोक्यावर बाळकृष्णाचं मोठं तंजावरी चित्र. त्या चित्राच्या चौकटीवर, काचेच्या वर, तो बसला होता. पाठीवर कवटी. मला अप्पांच्या चित्रावरून लगेच ओळखू आला.

अप्पांनी काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. ते उठले, खांद्यावरचं उपरणं काढलं, एक पाय बाकावर ठेवला, आणि उंची पुरेना म्हणून दुसरा पाय होणाऱ्या व्याह्यांच्या खांद्यावर ठेवला. त्या गृहस्थांच्या तोंडात बज्जी होती. त्यांना ओरडताही आलं नाही. अप्पांनी उपरणं टाकलं. आतून ‘चीं चीं’ असा आवाज आला. मुलाच्या आईने किंचाळून कॉफीचा टंबलर सोडला. अप्पा खाली उतरले ते दोन्ही हातांत उपरण्याचं गाठोडं धरून, डोळ्यांत पाणी.

“पन्नास वर्षें,” ते म्हणाले. “पन्नास वर्षें झालीं.”

आजींनी विचारलं, “काय आहे तें?”

कोणी विचारल्यास सत्य सांगेन, असं त्यांनी मला सांगितलंच होतं. अप्पांनी सत्य सांगितलं. पाऊण तास सांगितलं. गाठोडं छातीशी धरून, सगळे साक्षीदार क्रमाने. भुताचा किडा, मेलेली सासू, अभिषेक, बदली. मी स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करत होते, तुळजा मान खाली घालून सतरंजीचे धागे मोजत होती. शेवटी ते म्हणाले, “आणि कोकणांत तर म्हणतात, ज्या घरीं लग्न ठरत असेल त्या घरीं हा आला, तर तें लग्न मोडतें. ही साक्ष सर्वांत विश्वसनीय. त्या बाई येथेच आहेत.” आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात भज्यांची दुसरी ताटली होती.

आठव्या दिवशी पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. ‘आपण स्वतः संशोधन करून प्रसिद्ध केलेल्या कोकणप्रांतींच्या समजुतीस मान देऊन’ हे स्थळ पुढे नेता येत नाही, याबद्दल क्षमा मागितली होती. अप्पांनी ते दोनदा वाचलं. “लेखाचा उल्लेख अचूक आहे,” म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

त्या संध्याकाळी मी खाली गेले आणि एका दमात सांगून टाकलं. “अप्पा, ते मी रचलं होतं. असं कुणी म्हणत नाही. कोकणात नाही आणि कुठेच नाही.”

अप्पांनी वही काढली, पान उघडलं. “ही सही कोणाची?”

“माझी.”

“मग?”

“मग काय? खोटं सांगितलं आणि सही केली.”

“कोर्टांत हें रोज होतें मा,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “साक्षीदार आधीं खरें बोलून जातो. परिणाम दिसला कीं भितो आणि फिरतो. पहिली जबानी तीच खरी. खोटें सांगायला कोणी आजीचें नांव घेतो काय?”

“मी घेतलं! वरण लागत होतं म्हणून घेतलं!”

त्यांनी पेन्सिल उचलली. ‘वरण’ लिहून घेतायत की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात तुळजा दारात येऊन उभी राहिली. कामावरून आली होती, छत्री अजून गळत होती. सगळं ऐकलं असावं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ऑपरेटरच्या त्या सपाट, स्पष्ट आवाजात ती म्हणाली, “अप्पा, ते लोक मला पसंत होते.”

ते लोक. ‘तो’ म्हणायला तिची जीभ वळली नाही. एवढं बोलून ती आत गेली. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी वही मिटली.

सकाळी सात वाजता जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीचं धोतर, कोट, डोक्याला पागोटं, म्हणजे कोर्टात जायचा वेष. “चला मा,” ते म्हणाले. “आपली उलट साक्ष नोंदवायची आहे.” माझ्यावर विश्वास बसला होता, की लेकीसाठी त्यांनी तत्त्व गिळलं होतं, हे मी विचारलं नाही. आम्ही बसने मैलापूरला गेलो. वाटेत कंडक्टरने मला काही विचारलं, त्याचं अप्पांनी भाषांतरसुद्धा केलं नाही.

मुलाचे वडील ऑफिसला गेले होते. आजी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मी त्यांना हात जोडून सगळं सांगितलं. वरण, मावसबहीण, नसलेली आजी. त्या ऐकत राहिल्या. मग अडकित्ता खाली ठेवून त्या इतक्या हसल्या की झोपाळा हलायला लागला.

“अगो, तें मज ठाऊक होतें,” त्या म्हणाल्या. “मी ऐंशी वर्षांची. पाल पडली तर काय, मांजर आडवें गेलें तर काय, घुबड बोललें तर काय, विचार मला. या किड्याविषयी काही नाही. कोण म्हणणार? ज्याला कोणी पाहत नाही, त्याविषयी लोक कशाला काय म्हणतील?”

अप्पा उभेच होते. “परंतु माझ्या आईनें माझे डोळे झाकले होते.”

“समईपाशी एवढा मोठा किडा फडफडतो आहे, पोर डोळे फाडून पुढे जातें आहे. डोळ्यांत जाईल म्हणून झाकले असतील. आई होती ती.”

मी अप्पांकडे बघायचं टाळलं. पन्नास वर्षांचं कोडं म्हातारीने सुपारी कातरता कातरता सोडवलं होतं. अप्पांचा हात सवयीने कोटाच्या खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“मग पत्रांत तसें कां लिहिलें?” त्यांनी शेवटी विचारलं.

आजी आता हसत नव्हत्या. “तुम्ही माझ्या लेकाच्या खांद्यावर पाय दिलात. नव्या कोऱ्या शर्टावर पाऊल उमटलें. सून म्हणाली, बापाला वेड आहे, उद्या मुलीला लागेल, नातवंडांना लागेल. असें पत्रांत लिहितां येतें काय? सभ्य माणसांना सभ्य कारण लागतें. तुम्ही स्वतःच दिलेंत, छापून दिलेंत. पतंग नसता तर आम्हांला गोत्र शोधावें लागलें असतें.”

अप्पा म्हणाले, “माझी चूक झाली.” इतक्या वर्षांत मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि तुळजानेही ऐकलं नसेल.

“मला काय सांगतां? ज्याच्या खांद्यावर पाय दिला त्याला सांगा.”

तेव्हा अप्पा ओट्यावर बसले. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. आजींनी आम्हाला जेवायला घातलं, अप्पांनी ताक-भात तेवढा खाल्ला. मुलाचे वडील घरी आले, तसे अप्पा उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “मी आपल्या खांद्यावर पाय दिला. क्षमा असावी.”

आणि तो सभ्य गृहस्थ शरमेने लालेलाल झाला. “छे छे! खांदा कसला? मला तर आठवतही नाही! अहो, कारण पतंगाचंच आहे. आम्ही जुन्या मताची माणसं, कोकणातली समजूत म्हणजे काय...”

“ती समजूत खोटी आहे. साक्षीदार फिरली आहे.”

“नाही नाही, समजुती कधी खोट्या नसतात,” ते कळवळून म्हणाले. त्यांना काही करून तो खांदा विषयातून घालवायचा होता. अप्पा क्षमा मागत होते, ते गुन्हाच नाकबूल करत होते. दहा मिनिटं दोघांनी एकमेकांना नमस्कार घातले, आणि लग्न होतं तिथेच मोडलेलं राहिलं. परतीच्या बसमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, “खोटी साक्ष दिली, तेव्हां ती चालली. आतां खरी दिली, तर कोणी घेईना.”

रविवारी दुपारी फाटक वाजलं. मुलगा एकटाच आला होता. घरी सांगून आला नव्हता, हे त्याच्या वारंवार मागे बघण्यावरून दिसत होतं. तो अप्पांना म्हणाला, “मला तो पतंग नीट बघायचा होता. त्या दिवशी उपरण्यात होता.”

अप्पांना जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तीस वर्षांत आपणहून कुणी त्यांच्या पेट्या बघायला आलं नव्हतं. पतंग चार दिवस जाळीखाली मध पिऊन मेला होता, आता टाचणीवर होता. अप्पांनी तो दाखवला. मग त्याचे चुलत भाऊ दाखवले, मग बाकीच्या पेट्या. अडीच तास. मुलगा प्रत्येक पेटीवर वाकत होता आणि वाकलेला असताना डोळे वर करून दाराकडे पाहत होता. दारात तुळजा उभी होती. चौथ्या पेटीला तिने कॉफी आणली, सातव्या पेटीला पाणी, आणि नवव्या पेटीला काहीच न आणता येऊन उभी राहिली.

तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, “अशी जिज्ञासा मी तरुणांत पाहिली नाही.”

मैलापूरला महिनाभर काय काय झालं ते मला आजींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुलगा जेवेना, आई बोलेना, वडील दोघांची समजूत काढत खांदा चोळत राहिले. शेवटी आजींनी निकाल दिला: “वेडा बाप असलेली मुलगी घरांत आली तर घर सांभाळील. तिला सवय आहे.” तै महिन्यात, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, लग्न झालं. मांडवात अप्पांना दोन माणसांच्या मध्ये बसवलं होतं आणि दिव्यांकडे पाठ करून.

जावयाची बदली तूत्तुकुडीच्या बंदरावर झाली, तुळजानेही तिथल्या टेलिफोनमध्ये बदली करून घेतली. अप्पांनी जावयाला शिष्य करून टाकलं होतं. दर आठवड्याला एक पत्र: समुद्रकाठी दिव्यावर काय येतं, किती वाजता, पंख मिटून बसतं की उघडे ठेवून? दर आठवड्याला उत्तर येई. अप्पा ते आल्या-गेल्याला वाचून दाखवत.

मला तुळजाचं वेगळं पत्र आलं होतं. ‘ताई, ह्यांना झुरळ दिसलं तरी हे खुर्चीवर चढतात. त्या दिवशी घरी जाऊन दोनदा आंघोळ केली म्हणे. अप्पांना उत्तरं मीच लिहिते, खाली ह्यांची सही घेते. कृपा करून सांगू नका.’ मी एकदा खोटं बोलून पाहिलं होतं, त्यामुळे गप्प राहणं मला सोपं गेलं.

दोन वर्षांनी आमची पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेले, तर अप्पा ताजं पत्र घेऊन बसले होते. त्यांनी वाचून दाखवलं. बंदरावरच्या खांबाखाली, पाऊस थांबल्यावर, एक राखाडी पतंग येतो. त्याच्या डाव्या पंखाची कड फाटकी आहे. सलग तीन दिवस तोच येतो, म्हणजे तो वाटसरू नाही, तिथेच राहतो.

“सुंदर लिहिलंय,” मी म्हटलं.

“लिहिलें नाही, पाहिलें आहे,” अप्पा चष्मा पुसत म्हणाले. “पहिलीं चार पत्रें शुद्ध थाप होती. पुस्तकांतून उतरलेली. पांचव्यापासून ती खरोखर पाहूं लागली.”

“ती?”

अप्पांनी चष्मा लावला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि कोरा कागद पुढे ओढला. मग माझ्या देखतच, एक एक अक्षर नीट काढत, त्यांनी उत्तर लिहायला घेतलं: ‘चिरंजीव जावईबापूंस अनेक आशीर्वाद. आपलें पत्र पावलें. फाटक्या पंखाचें निरीक्षण फार आवडलें...’